घरचं माणूस

संगी, आज सतरावा दिवस. तेराव्यानंतर रडू नये म्हणतात, गेलेल्या माणसाचा पाय मागे अडकतो. मी रडत नाहीये, मी चिडलोय. भावाच्या चिडण्यानं पाय अडकतो का, ते कोणी सांगितलेलं नाही. अडकत असेल तर अडकू दे थोडा वेळ. माझं बोलून व्हायचंय.

आधी तुझ्या तान्हीचं सांगतो. ती इथे सुरतेत, बमरोलीला माझ्याकडे आहे. तुझी वहिनी तिला बाटलीनं दूध पाजते. रडायला लागली की शेजारपाजारचे दार उघडून बघतात, आवाज अगदी तुझा घेतलाय. पाचवी पण पोरगीच झाली, हे तुला कळलं होतं का? दवाखान्यातली बाई म्हणाली, रक्त थांबत नव्हतं तेव्हाही तू शुद्धीवर होतीस. 'काय झालं?' एवढंच विचारलंस आणि उत्तर ऐकून तोंड भिंतीकडे केलंस. त्या भिंतीकडे बघून तू काय म्हणाली असशील, ते मला ठाऊक आहे. मला शिव्या दिल्या असशील. बरं केलंस.

लोक भेटायला आले, तुझ्या कतारगामच्या खोलीत मावेनात. सगळ्यांनी एकच गाणं लावलं. एवढ्या पोरी कशाला होऊ द्यायच्या, शरीर थकणारच, गरिबाच्या घरी खाणारी तोंडं किती असावीत. माझा शेठही आला होता. लूमच्या कारखान्यातून कारीगराच्या घरी शेठ येतो म्हणजे मोठा मान, म्हणून सगळे उठून उभे राहिले. तो चपला न काढता दारातच उभा राहिला आणि मला म्हणाला, "भाई, तमारा लोकोमां छोकरां बहु. एटले ज ऊंचा नथी आवता." तुमच्या लोकांत पोरं फार, म्हणून तुम्ही वर येत नाही. मी हात जोडून उभा होतो. मनात आलं, शेठ, आम्ही एवढे आहोत म्हणून तर तुझ्या गेटवर रोज सकाळी रांग लागते, एक कंटाळून गेला की त्याच्या जागी दहा उभे असतात. आम्ही थोडे असतो तर तू आमच्याशी असा दारातून बोलला असतास का? पण बोललो नाही. आणि खरं सांगू? बोललो नाही कारण ते वाक्य शेठचं नव्हतंच, माझंच होतं. मी तुला ते किती वर्षं ऐकवत आलो.

माझं बोट लूममध्ये चेंगरलं होतं तेव्हाचं आठवतं का? तुझी वहिनी माहेरी होती. तू महिनाभर रोज कतारगामहून दोन शटल रिक्षा बदलून यायचीस, कडेवर तुझी चौथी, काजल, हातात डबा. कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत, आईच्या हातचं असायचं तसं, तिखटजाळ. उजवा हात बांधलेला म्हणून तू घास भरवायचीस आणि मी तो घास चावत चावत तुला अक्कल शिकवायचो. संगी, लोकसंख्या किती वाढली बघ. आपण गरीब का, तर पोरं जास्त. माझ्याकडे बघ, दोन झाली आणि थांबलो. तू ऐकायचीस, पुढचा घास जरा मोठा करायचीस, म्हणजे माझं तोंड बंद होईल. एके दिवशी मात्र डबा खाली ठेवलास.

"तुला पहिला मुलगा झाला, भाऊ. दुसरी पोरगी झाली आणि तू शहाणा झालास. तुला पहिल्या दोन पोरी झाल्या असत्या, तर वहिनीला थांबू दिलं असतंस का? छातीवर हात ठेवून सांग."

मी म्हणालो, "दिलं असतं."

"हात कुठे ठेवलास?" तू म्हणालीस आणि हसायला लागलीस. माझा हात बांधलेला होता ना.

ते भांडण तसंच राहिलं. पुढे कितीदा पेटलं. मी म्हणायचो, तोंडं वाढली की गरिबी वाढते. तू म्हणायचीस, तोंडाबरोबर दोन हातही येतात, आणि आमच्या घरात ते शाळेतून आल्याबरोबर साडीवर खडे चिकटवायला बसतात. सासूला त्या पोरी आवडत नाहीत पण त्यांचे हात आवडतात. मी म्हणायचो, बघ, म्हणूनच पोरं होऊ देतात लोक. तू म्हणायचीस, "लोक, लोक काय करतोस रे? लोकांना होत नाहीत पोरं. मला होतात. मला कोणी विचारलं?" मला वाटायचं, तू बाईमाणूस, विषय भलतीकडे नेतेस. विषय तिथेच होता.

आता सुभाषचं. यापुढे मी त्याला दाजी म्हणणार नाही. ज्या नावानं ओळख झाली त्याच नावानं बोलवणार. आणि ती ओळख कसली, ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. लाज वाटायची. आज सांगतो.

मी सुरतला आलो तेव्हा खोलीत आम्ही दहा जण. पाच दिवसपाळीला, पाच रातपाळीला. खाट एक, गोधडी एक, माणसं दोन. मी सात वाजता कामाला निघायचो, तेव्हा सुभाष पाळी संपवून यायचा आणि माझ्या अंगाची ऊब असलेल्या त्याच गोधडीत शिरायचा. पाळी बदलली की उलट. तीन वर्षं आम्ही एका खाटेवर झोपलो आणि एकमेकांना भेटलो ती रोज दारात दहा मिनिटं. 'चहा झाला का?' 'झाला.' 'दोरे फार तुटतायत.' बस. पण मी परत यायचो तेव्हा गोधडी घडी घातलेली असायची. चार कोपरे जुळवून, उशाशी नीट. बाकीचे साले चोळामोळा करून टाकायचे. मी गावाकडे आईला सांगितलं, मुलगा फार चांगला आहे, मी त्याच्याबरोबर तीन वर्षं राहिलोय. आईनं विचारलं, स्वभाव कसा? मी म्हणालो, टापटीप आहे. संगी, त्या गोधडीच्या घडीवर मी तुला देऊन टाकलं. जागेपणी तो माणूस कसा बोलतो, आईपुढे कसा मांजर होतो, मला काही माहिती नव्हतं. मला फक्त तो झोपून उठल्यावर काय करतो तेवढं माहिती होतं. आमच्यासारख्या खाटकरी लोकांनीच असल्या चुका कराव्यात.

दुसऱ्या पोरीनंतर तू ऑपरेशनचं काढलंस, तेव्हा तुझी सासू दोन दिवस जेवली नाही. "एक पोऱ्या होऊ दे, मंग काय करनं ते कर." सुभाष जमिनीकडे बघत बसला. तिसरी झाली. चौथी झाली, ती काजल. मग काजल दीड वर्षाची असताना तू माझ्या दारात आलीस.

तुला वाटत असेल, भाऊ हे विसरला. विसरलो नाही. भरदुपारी आलीस, पाणीसुद्धा घेतलं नाहीस. एरवी तू माझ्याशी शाळेतलं मराठी बोलायचीस, त्या दिवशी घरचं बोललीस. "भाऊ, माले आते पुरे व्हयनं." दवाखान्यातल्या नर्सबाईशी तुझं बोलणं झालं होतं. ऑपरेशन करतील, पण नंतर दोन दिवस उठबस करायची नाही, वजन उचलायचं नाही, म्हणून बरोबर घरचं माणूस पाहिजे असं त्या म्हणाल्या होत्या. नवरा येणार नाही. सासूला तर कळूच द्यायचं नव्हतं. "तू येशी का मनासंगे? तू मना घरनाच शे ना." मी तुझ्या घरचाच, म्हणून मी यावं.

मी म्हणालो, "सुभाषला विचारल्याशिवाय मी कसा येऊ? उद्या तो मला काय म्हणेल?"

हेच म्हणालो ना? ज्यानं पोरं थांबव म्हणून तुला वर्षानुवर्षं भाषणं दिली, त्यानं तू थांबवायला निघालीस तेव्हा दार लावलं. मला मेहुण्याशी वाकडं घ्यायचं नव्हतं. एका कारखान्यात काम, एका गावचे लोक, चार माणसांत नाव. तू काजलला या कडेवरून त्या कडेवर घेतलंस. म्हणालीस, "बरं." त्या 'बरं'नंतर तू माझ्याशी लोकसंख्येवर कधी भांडली नाहीस. मला वाटलं, बहीण शहाणी झाली, पटलं तिला.

म्हणून माझ्या रागाच्या यादीत पहिलं नाव माझंच आहे. दुसरं तुझ्या सासूचं. तिसरं सुभाषचं. माझा हिशेब मी सगळ्यात शेवटी करीन, त्याला मी आहेच. पण त्यांना मी सोडणार नव्हतो, आणि सोडलं नाही. ऐक.

तुला जाऊन पाच दिवस झाले नव्हते. सुतकातलं घर, चूल शेजाऱ्यांची. मी पोरींना बघायला आलो, तर आत कुजबुज चालली होती. बारडोलीकडचा एक मुकादम आहे, आपल्याच समाजातला, ऊसतोडीच्या टोळ्या घेऊन जातो. त्याची बहीण नवऱ्यानं टाकलेली, घरी बसलेली. त्याचा मुलगा लग्नाचा. तुझ्या सासूनं साटंलोटं जुळवलं होतं. त्याची बहीण सुभाषला, आणि बदल्यात तुझी थोरली, आपली ज्योती, त्याच्या मुलाला. सतरा वर्षांची आपली ज्योती! बारावीचं पुस्तक मांडीवर ठेवून साडीला खडे चिकटवणारी पोरगी. मी ओरडलो, तर सासू थंडपणे म्हणाली, "घरात मयत झालंय. लग्न वर्षाच्या आत उरकायला हवं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं. रीत आहे. आणि वंश नको का?"

तुझा पिंड अजून दिलेला नव्हता आणि तुझ्या जागेवर माणूस ठरलं होतं. परत पहिल्यापासून, परत एक पोऱ्या होऊ दे. आणि तिकडे ज्योतीचं तेच सुरू होणार. ज्योती माझ्यामागे जिन्यापर्यंत आली. पोरगी मनातलं काही बोलायचं असलं की गुजरातीत बोलते. "मामा, मारे नथी जवुं." मला नाही जायचं. एवढंच. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ठरवलं की आता कोणाला विचारायचं नाही.

दहाव्याला सगळे तापीवर गेलो. आपल्या गावावरून वाहत येते तीच नदी. इथे येईस्तोवर काळी पडते बिचारी. मुकादमही मुद्दाम आला होता, पांढरा शर्ट घालून. गुरुजींनी पिंड मांडले, आम्ही सगळे लांब उभे राहिलो. झाडावर कावळे चिक्कार, पण खाली एक येईना. तुझी सासू पुढे झाली. "पोरींना सांभाळीन गं, माझ्या लेकी समजून." कावळा नाही. मग तिनं सुभाषला कोपर मारलं. तो हात जोडून म्हणाला, "ज्योतीची काळजी करू नको. वर्षाच्या आत चांगल्या घरी देतो तिला."

आणि संगी, कावळा उडाला. फांदीवरून सुटला आणि थेट पिंडाकडे यायला लागला.

तो शिवला असता तर संपलं होतं. तुझी इच्छा तीच होती असं सगळ्यांनी मानलं असतं, मेलेल्या बाईची सही झाली असती, आणि ज्योतीला जगात कोणी सोडवू शकलं नसतं. मी धावलो. 'संगे गं!' असा हंबरडा फोडून पिंडापुढे आडवाच पडलो. कावळा घाबरून परत झाडावर. लोकांना वाटलं, भावाला आवरत नाहीये. दोघांनी उठवायला धरलं, मी त्यांचे हात झटकले आणि तिथेच उभा राहिलो. खांद्यावरचा पंचा घाम पुसल्यासारखा हलवत राहिलो. माणूस इतक्या जवळ उभा असल्यावर कुठला कावळा येतो?

तुझा कावळा मी अडवला, संगी. देवानं मला काय शिक्षा द्यायची ती द्यावी. तुला भूक लागली असेल तर तुझी माफी मागतो. बाकी कोणाची मागणार नाही.

ऊन चढलं. काही जणांची दुपारची पाळी होती, ते घड्याळ बघायला लागले. गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववू, शास्त्रात आहे. मी म्हणालो, "नाही. तिला काहीतरी राहिलंय. ते ऐकल्याशिवाय ती घेणार नाही." मग मी सुभाषकडे वळलो आणि सगळ्या समाजासमोर मोठ्यानं बोललो. "माझ्या बहिणीनं दोनदा ऑपरेशनचं नाव काढलं. दोन्ही वेळा तिला थांबवलं. आता तिला शब्द दे. तुझं ऑपरेशन तू करून घेशील. तू."

तुझ्या सासूनं तोंडात पदर कोंबला. सुभाषचा चेहरा काय झाला म्हणून सांगू! तुला बोलावून दाखवावा असं वाटलं. बायकांच्या घोळक्यातून कोणीतरी म्हणालं, "दे ना शब्द, बिचारी उपाशी आहे." आणखी दोघी बोलल्या. पुरुषांतले म्हातारे मान हलवायला लागले. ऊनही त्यांना भाजत होतंच. सुभाषनं आईकडे बघितलं, मुकादमाकडे बघितलं, झाडाकडे बघितलं. शेवटी पिंडाकडे बघून पुटपुटला, "देतो."

"मोठ्यानं."

"करून घेईन ऑपरेशन. शब्द देतो, संगीता."

तुझं पूर्ण नाव त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मी दहा पावलं मागे झालो, पंचा काखेत दाबला. पुरतं वळलोही नव्हतो, तेवढ्यात तीन कावळे एकदम उतरले. बायका रडायला लागल्या, गुरुजींनी हात जोडले. मुकादम चपला शोधायला लागला. पुढे पोरगं होणार नाही अशा माणसाला बहीण देऊन त्याला काय मिळणार? बहीण नाही, तर बदल्यात ज्योती पण नाही. तेराव्याला तो आलाच नाही. तुझी सासू अजून माझ्याशी बोलत नाही, समोर आलो की भिंतीकडे तोंड करते. करू दे. भिंतीकडे तूही तोंड केलं होतंस. मी रोज जातो मुद्दाम, तिच्यासमोर बसतो आणि ज्योतीला विचारतो, अभ्यास कुठवर आला. असा आनंद मला कधी झाला नव्हता. पाप असेल, असू दे.

सुभाष टाळायला लागला. आज कामच आहे, उद्या अंगात कणकण आहे. काल मी सकाळीच त्याच्या खोलीवर गेलो आणि रिक्षात घातला. वाटेत तो म्हणाला, "भाऊ, मला पण वाईट वाटतं रे तिचं." वाटत असेल. रडतही होता. तीन वर्षं ज्याच्या उबेत झोपलो त्याला रडताना बघून मी माझा पंचा त्याच्यापुढे केला, खोटं कशाला बोलू. पण मी रिक्षा वळवायला सांगितली नाही.

दवाखान्यात भिंतीवर पोस्टर होतं, छोटं कुटुंब, हसणारी बाई. खाली बाकावर रांगेत सगळ्या बायकाच. कडेला पोरं, हातात कागद. पुरुष म्हणून आम्ही दोघंच. डॉक्टरांनी सुभाषला विचारलं, स्वखुशीनं आलात का, कोणाचं दडपण नाही ना? त्यानं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघत होतो. मग म्हणाला, "बायकोला शब्द दिलाय." डॉक्टर म्हणाले, बायकोला आणलं असतं तर बरं झालं असतं.

त्याला आत नेलं. थोड्या वेळानं नर्सबाई कागद घेऊन बाहेर आल्या. त्याच होत्या की दुसऱ्या, मला माहिती नाही. मी तेव्हा आलो असतो तर माहिती असतं. त्यांनी रांगेवरून नजर फिरवली आणि विचारलं, "घरचं माणूस कोण आहे?"

मी उठून उभा राहिलो. "मी आहे. तिचा भाऊ."

त्यांनी कागदावरचं नाव परत वाचलं. म्हणाल्या, "पेशंट तर पुरुष आहे. तुम्ही कोणाचे भाऊ?"

मी तुझं नाव सांगितलं.